टाचा टेकवा

"पास! चलो, पुढचा!" उदयसिंहने हात हलवला आणि समृद्धी उड्या मारत बदकांच्या गाडीकडे निघाली.

जनी भोपीने तिला दंडाला धरून थांबवलं. "थांब गो बाय. मागं ये. परत पाठ लाव."

"हो गया ना उसका," उदयसिंह म्हणाला. मिशा पिकलेला, टोपीच्या कडेने घाम निथळणारा हा माणूस या करमणूक बागेत लहान मुलांच्या पाळण्यांवर कितीतरी वर्षं होता. मराठी चांगलं बोलायचा, पण घाई झाली की हिंदीत शिरायचा.

"नाय झालं. टाचा बघा तिच्या."

सगळ्यांनी खाली पाहिलं. समृद्धी चवड्यांवर उभी होती. तिच्यामागे रांगेतली नऊच्या नऊ पोरंही चवड्यांवर होती आणि पाय बदलत नाचत होती. एप्रिलचा शेवटचा आठवडा, सकाळचे पावणेबारा. बदकांची गाडी शेवटच्या वळणावर उथळ पाण्यात उतरायची, म्हणून चपला बाहेर काढायचा नियम होता आणि उंची मोजायची फळी बरोबर उन्हात होती. फळी म्हणजे एक लाकडी जिराफ. त्याच्या मानेवर लाल रेघ, शेजारी आकडा: नव्वद सेंटिमीटर. रेघेच्या खाली डोकं राहिलं की बदकात बसता येत नाही. पण तापलेल्या फरशीवर टाच कोण टेकवणार? पाय भाजू नयेत म्हणून पोरं आपोआप उंच होत होती.

"जनीताई, असू दे ना," प्राची म्हणाली. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या ज्या कंपनीने ही सहल दिली होती, तिथली ही अधिकारी, खारघरला राहणारी. गार बस, पिवळे टी-शर्ट, टोप्या, सगळं तिनेच जमवलं होतं, आणि मनापासून जमवलं होतं. "सगळेच उंच दिसतायत की. दहाच्या दहा जण बदकात बसलेले असे मला व्हिडिओत हवेत. नंतर फार ऊन होईल."

"दहा मिनटं द्या मॅडम."

जनी गव्हाण गावची. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमागच्या अंगणवाडीत तिला बावीस वर्षं झाली होती. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन आणि उंची घ्यायची, हे तिचं काम. ते ती असं करायची की आसपासच्या वस्त्यांवरच्या सेविका आपला आकडा पटला नाही तर पोराला उचलून तिच्याकडे आणायच्या. टाचा, पोटऱ्या, कुल्ले, खांदे आणि डोक्याची मागची बाजू, अशी पाच ठिकाणं फळीला टेकली पाहिजेत. नजर समोर. मग आकडा वाचायचा. तिच्या या शिस्तीवर लोक हसत, तरी आकडा तिचाच धरत.

"हौसा, बादलीभर पानी आन."

मदतनीस हौसा पाय धुण्याच्या नळाकडे धावली. प्राचीने पिशवीतून टॉवेल काढला. "हा ओला करून घालूया का पायाखाली?"

"टॉवेल नको. तेवढीच उंची वाढंल."

उदयसिंह हसला. "बाई, सोना तौल रही हो क्या?"

"सोनं थोडं इकडंतिकडं झालं तर कोनी मरत नाय."

जिराफासमोर पाणी ओतलं. फरशीने ते बघता बघता पिऊन टाकलं. दुसऱ्या बादलीला मात्र ती जरा नरमली. जनी गुडघ्यांवर बसली, डाव्या हाताने समृद्धीचे घोटे हलकेच दाबले आणि म्हणाली, "टाचा टेकवा, बाय. समोर बघा. तो बघ, पलीकडं सिमेंटचा हत्ती." मग खाऊच्या डब्याचं सपाट झाकण पोरीच्या डोक्यावर आडवं धरलं. जिराफाच्या मानेवर रेघेच्या वर-खाली बारीक खुणा होत्या, त्या तिने वाचल्या. चौऱ्याण्णव पॉइंट दोन.

झाकण तिने क्षणभर तसंच धरून ठेवलं. सोमवारी अंगणवाडीतही समृद्धी चौऱ्याण्णव पॉइंट दोनच भरली होती. म्हणजे जिराफ बरोबर ठोकलेला होता.

तो चुकीचा असावा, अशी तिची इच्छा होती.

कारण या दहाजणांची उंची तिला तोंडपाठ होती. नऊ पोरं नव्वदच्या वर आहेत, हे ती डोळे मिटूनही सांगू शकली असती. नियमाचा जिराफ तिने आज इथे आल्यावरच पाहिला होता. दहावा निकेश होता. सोमवारी तो एकोणनव्वद पॉइंट तीन भरला होता. ती गप्प बसली असती तर निकेशही चवड्यांवर नाचत रेघेच्या वर गेला असता आणि कुणाला काही कळलं नसतं.

तिने सगळ्यांना मोजलं. एकट्यालाच का वेगळं काढायचं? ब्याण्णव. पंच्याण्णव पॉइंट चार. एक्क्याण्णव. प्रत्येक आकड्याला हौसा "पास" म्हणायची आणि पोरं टाळ्या पिटायची. हौसा मध्येच उदयसिंहला म्हणाली, "दादा, तुमी पन उबे ऱ्हावा. तुमचं बी मोजतील बाई."

"मेरा मत नापो," उदयसिंह म्हणाला. "बायको म्हणते, आधीच आडवा वाढलाय."

शेवटी निकेश आला. महिनाभर तो रोज जनीला सांगत होता की बदकात मी सगळ्यात पुढे बसणार, आणि जनी रोज हो म्हणत होती. तो आपणहून जिराफाला टेकला. पाठ सरळ, हात मांडीला चिकटवलेले, छाती पुढे. असं उभं राहायला त्याला तिनेच शिकवलं होतं. टाचा दाबायचीही गरज पडली नाही. ओल्या फरशीवर त्याने दोन्ही टाचा नीट टेकवल्या आणि हत्तीकडे पाहिलं.

झाकण रेघेच्या खाली राहिलं. सात मिलिमीटर.

"एकोननव्वद पॉइंट तीन," जनी म्हणाली. हौसाचा "पास" तोंडातच राहिला.

"किती कमी?" प्राचीने विचारलं.

"सात मिलिमीटर."

"मिलिमीटर? जनीताई, प्लीज. एवढंसं लेकरू ते, महिनाभर वाट बघतंय."

"ठीक आहे ना," उदयसिंहही म्हणाला. "मी हळू चालवतो. आगे नही, बीच में बिठा दो."

"रेघ कशासाठी हाय, दादा?"

"वो दांडा..." तो बोलता बोलता थांबला. मग त्याने रिकाम्या बदकातला लोखंडी दांडा खाली ओढून दाखवला. "हा मांडीवर बसतो. पोरगं छोटं असलं तर खाली फट राहते."

"मग?"

उदयसिंहने टोपी काढून डोकं पुसलं.

"बारीक आहे तो, पण चपळ आहे. घट्ट धरून बसेल," प्राची म्हणाली. "एवढ्याने काय होतंय?"

जनीने तिच्याकडे पाहिलं. प्राचीच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. हेच शब्द, याच मायेने, जनी एकदा स्वतःशी बोलली होती. याच पोरासाठी.

तेव्हा निकेश तेरा महिन्यांचा होता. दंडाचा घेर मोजायची एक कागदी पट्टी असते, लाल, पिवळा, हिरवा, अशा रंगांची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर आला की लाल, आणि लाल म्हणजे पोराला उपचाराला दवाखान्यात ठेवायचं, दोन आठवडे, आईसकट. त्या दिवशी पट्टी अकरा पॉइंट चारवर थांबली होती. निकेशची आई टर्मिनलजवळच्या ढाब्यावर पोळ्या लाटायची. ती हात जोडून म्हणाली, "ताई, पंधरा दिवस गेले तर माझ्या जागेवर दुसरी उभी करतील. मी घरी खायला घालते त्याला, तुमची शपथ." जनीने पट्टी पुन्हा लावली. किंचित सैल धरली. अकरा पॉइंट सहा. पिवळा. एवढ्याने काय होतंय?

नवव्या दिवशी हौसा तिला बोलवायला आली होती.

त्या दोन मिलिमीटरांबद्दल कुणी कधी विचारलं नाही. दवाखान्यात पोराला तीच घेऊन गेली, आईबरोबर आळीपाळीने तिथे बसली, आणि लोकांनी तिचं कौतुक केलं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. पण त्यानंतर तिच्या हातून पट्टी कधी सैल झाली नाही आणि झाकण कधी वर सरकलं नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "एकदा दिलेत मी याला दोन मिलिमीटर. आता नाय देनार."

प्राचीला त्यातलं काही उमगलं नाही. पण जनीचा आवाज ऐकून तिने टॉवेल परत पिशवीत कोंबला.

नऊ पोरं बदकांत बसली. उदयसिंहने प्रत्येक दांडा दोनदा ओढून पाहिला. प्राची कठड्याला टेकून फोन घेऊन उभी राहिली. निकेश जनीचं बोट धरून उभा होता. त्याला अजून वाटत होतं की आपलं बदक मागून येणार आहे. भोंगा वाजला, मोटर घरघरली, समृद्धीने हात हलवला आणि बदकं निघाली.

निकेशने जनीकडे पाहिलं. मग बदकांकडे. मग पुन्हा जनीकडे.

"मी?"

"तू नाय बाला. तू अजून जरासा लान हाय. पुढच्या खेपंला."

त्याचा खालचा ओठ बाहेर आला. छाती भरली. आणि त्याने असा काही सूर लावला की पलीकडे मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईनेही मान वळवली. तो फरशीवर बसला, फरशी भाजली म्हणून उठला आणि त्या रागाने आणखी जोरात रडला. जनीने त्याला उचलला, तर त्याने तिच्या खांद्यावर बुक्क्या मारल्या, टोपी फेकली, लाथा झाडल्या.

"मला बदकाऽऽत!"

"अग बया," हौसा म्हणाली. "बर्फाची पेप्सी आनू का त्याला? गप बसंल."

"नको आनू. घसा सुकला की मंग पानी दे. आता ऱ्हाऊ दे."

सावली दोन पावलांवर होती. जनी त्याला घेऊन सावलीत गेली, त्यापलीकडे गेली नाही. निकेश तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता. गरम आसवं तिच्या मानेवरून पदरात उतरत होती.

नवव्या दिवशी ती ढाब्यामागच्या खोलीत शिरली, तेव्हाही तो रडतच होता. तिला मात्र ते कळायला वेळ लागला. खाटेवर पडलेल्या पोराचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि तिला वाटलं जांभया देतोय. जवळ जाऊन कान लावला, तेव्हा समजलं. आवाज नव्हता. डोळ्यांत पाणी नव्हतं. रडायला लागतं तेवढंही त्याच्या अंगात उरलं नव्हतं. दवाखान्यात पाचव्या दिवशी सुई टोचली तेव्हा तो पहिल्यांदा ऐकू येईल असा रडला होता, मांजराच्या पिल्लाएवढा. नर्स हसून म्हणाली होती, आला हो आवाज.

"जनीताई!" प्राचीने कठड्यापासून हाक मारली. एक हात फोनवर, दुसऱ्याने ती खुणावत होती. "त्याला जरा लांब नेता का? सगळा आवाज व्हिडिओत येतोय!"

"येऊ द्या," जनी म्हणाली.

बदकं वळण घेऊन पाण्यात उतरली. पोरं किंचाळली. दुसरी फेरी सुरू झाली. कठड्याबाहेर दुसरं एक कुटुंब आपल्या दोन चिमुरड्यांना घेऊन रांगेला लागलं होतं. उदयसिंहने मोटरवर एक नजर ठेवली, रिकामी बादली उचलली, नळाखाली भरली आणि कुणी सांगायच्या आत जिराफासमोर ओतली. मग पहिल्या पोरापुढे वाकून, चुकतमाकत का होईना, त्याने त्याचे घोटे धरले.

"टाचा टेकवा, बेटा."

निकेश थांबायचं नाव घेत नव्हता. श्वास घ्यायला थांबायचा आणि पुन्हा तिथूनच उचलायचा. मोटरच्या वर, पोरांच्या किंचाळण्याच्या वर, त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. येणारे-जाणारे जनीकडे पाहत होते, कसली ही बाई, पोराला गप्पसुद्धा करत नाही. जनीची कंबर भरून आली. बारा किलो दोनशे ग्रॅम, सोमवारचे. तिने त्याला डाव्या कडेवरून उजव्या कडेवर घेतलं, पाठ ताठ केली आणि सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली.