जसंच्या तसं

गोदीने नागली झोडपायची काठी खळ्यात टाकली, पदराने तोंड पुसलं आणि रविनासमोर उकिडवी बसली.

"काढ तुझं यंत्र. आज सांगते."

रविनाच्या जिवात जीव आला. आठवडाभर ती लॅपटॉप घेऊन या खळ्यात हेलपाटे घालत होती. सोमवारी गोदीमावशीला शेत भाजायच्या राबासाठी फांद्या तोडायला जायचं होतं. मंगळवारी मोखाड्याला बैठक. बुधवारी "आज डोकं चालत नाय" आणि काल तर मावशी सरळ पाठ करून कोंबड्या हाकत बसली होती. सूर्यमाळच्या या गोदी सरपंचाचं एकदा नाही म्हणजे नाही, देव खाली उतरला तरी नाही. पण मावशीचं शिफारसपत्र आजच जायला हवं होतं, उद्या सकाळी कॉलेजचं पोर्टल बंद होणार होतं, आणि मग वर्षभर काही नाही.

कॉलेज जिनिव्हाचं होतं. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची दोन वर्षांची पदवी. दोन देशांत वाजलं की माणसं टेबलाभोवती बसून ते कसं मिटवतात, ते तिथे शिकवतात. पाड्यातल्या पोरीने असलं काही मनात घ्यावं म्हटल्यावर लोक हसणारच. "आपल्या अठल्या कटकटी सरल्या वाटतं, म्हणून चालली गोऱ्यांच्या मिटवायला!" असं चैतीकाकू भर पाणवठ्यावर बोलली होती. बोलेना का बापडी. रविनाला त्या गावाची ओढ लागली होती ती लागलीच होती. मोबाइलवर त्या शहराचा नकाशा बघून बघून वसतिगृहापासून कॉलेजपर्यंतचे ट्रामचे सगळे थांबे तिला पाठ झाले होते. भाकऱ्या थापताना ती ते मनात म्हणायची, आणि एखादा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आई-बाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले, घर रिकामं. त्या रिकाम्या घरात कधी कधी तिला इतकं तिकडे जावंसं वाटायचं की जेवण जात नसे.

बाकीचं सगळं जमून आलं होतं. मार्क होते, इंग्रजीची परीक्षा झाली होती, निबंध लिहून झाला होता. एक शिफारसपत्र आश्रमशाळेच्या धर्मेंद्र सरांनी दिलं. दुसरं हवं होतं ते तिचं काम पाहिलेल्या माणसाचं. तीन वर्षं तिने ग्रामपंचायतीत मानधनावर काम केलं होतं आणि ते पाहिलेलं माणूस जगात एकच, गोदी. गोदीला सही येत होती, लिहिता येत नव्हतं. रविनाने कॉलेजला मेल करून खरं ते विचारलं, की शिफारस देणाऱ्या बाईंना इंग्रजी येत नाही, आणि आमच्याकडे भाषांतर करणारी मीच आहे, तर काय करू? दोन ओळींचं उत्तर आलं. तुम्ही केलंत तरी चालेल. मात्र एक शब्द घातला नाही, एक शब्द गाळला नाही, असं खाली लिहून सही करा.

आता यातली गंमत अशी, की तीन वर्षांत रविनाने गोदीचा एकही शब्द जसाच्या तसा कुणाला पोचवला नव्हता.

झऱ्याचंच घ्या. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात झऱ्यावरून खालच्या आणि वरच्या पाड्याचं असं बिनसलं की बायका एकमेकींकडच्या लग्नाला जाईनात. वरच्या पाड्याचा म्होरक्या जिवा आणि इकडे गोदी, दोघांचं बोलणं बंद. मधे रविना. गोदीने निरोप द्यायचा, "जिव्याला सांग, झऱ्याला हात लावलास तर तो हात मोडून तुझ्याच गळ्यात बांधीन. जसंच्या तसं सांग हां, एक अक्षर कमी नको." रविनाने चढ चढून वर जायचं आणि म्हणायचं, "जिवाकाका, मावशी म्हणते पाणी दोघांचंय, एकदा बसून बोलू." जिवाने बिडी विझवून म्हणायचं, "त्या म्हातारीला सांग, तहानेने मेली तरी थेंब देणार नाय." रविनाने खाली येऊन सांगायचं, "काका विचार करतो म्हणाला." असे अकरा दिवस तिने वर-खाली केलं. बाराव्या दिवशी दोघं झऱ्याकाठी बसली आणि ठरलं, सकाळ वरच्यांची, संध्याकाळ खालच्यांची. पुढे होळीला दोघांनी एकमेकांच्या निरोपांचा ताळा जुळवून पाहिला तेव्हा सगळं उघड झालं. गोदी पोट धरधरून हसली होती. त्यानंतर कुठल्याही बैठकीत, कुठल्याही साहेबापुढे तिचं तेच. आधी तोंडाचा पट्टा सोडायचा आणि शेवटी म्हणायचं, जसंच्या तसं सांग.

"बोल, काय विचारतात?" गोदी म्हणाली.

"तू मला कधीपासून ओळखतेस?"

"ही काय विचारायची गोष्ट? तुझी नाळ मी कापली." गोदीने नागलीचे दाणे तळहातावर चोळले. "लिही, जन्मल्यापासून."

रविनाने लिहिलं. पुढचा प्रश्न वाचताना तिला जरा लाजल्यासारखं झालं.

"माझ्यात खोट काय आहे, ते सांग म्हणतात."

"खोट? खोटच तर हाय सगळी." गोदी रंगात आली. "लिही. ही पोर खरं सांगत नाय. मी एक बोलते, ही दुसरंच पोचवते. तीन सालं मी हिच्या हाती शिव्या धाडल्या, एक पण पोचली नाय. पाणी मात्र पोचलं."

रविनाची बोटं थांबली. तिला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने ते वाक्य तीनदा घडवलं, तेव्हा कुठे इंग्रजीत त्यातला गोदीचा आवाज जरासा उतरला. आपण आजवर मावशीचं बोलणं मावशीचं म्हणून कुणापुढे ठेवलंच नाही, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं. अख्ख्या पंचक्रोशीत एवढं ठसठशीत बोलणारी बाई नाही, आणि आपण तिचं सारखं वरणभात करून वाढत आलो.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "हिला आमच्याकडे घ्यावं का? तुझ्या शब्दांत सांग."

गोदीने काठी उचलली, परत ठेवली. खळ्यापलीकडे पाड्यातली निम्मी घरं कुलूप लावून भट्टीवर गेलेली, दारांना काटे लावलेले. तिकडेच बघत ती म्हणाली,

"नका घेऊ म्हणावं."

"काय?"

"हिला घेऊ नका. माझ्याकडे दुसरी नाय." गोदीने नाक ओढलं. "लिही, लिही. बघत काय बसलीस? जसंच्या तसं लिही, एक अक्षर कमी नको."

रविनाने कीबोर्डवरचे हात उचलले. मावशीने आठवडाभर का टाळलं ते आता तिला कळलं, असं तिला वाटलं. एवढा वेळ ती या बाईला आपली समजत होती. 'नका' हा एक शब्द काय, तिने आजवर याहून मोठमोठे शब्द गिळले होते. इथे कोण बघणार होतं? गोदीला इंग्रजी कळत नव्हतं, जिनिव्हाला गोदी कळणार नव्हती. पण खाली सही करायची होती. आणि सहीपेक्षाही तिला राग आला होता. मावशीला आपण जायला नको आहे ना? मग नको. निदान एकदा तरी तिचं खरं बोलणं पोचू दे. तिने दात आवळून दोन्ही वाक्यं टाइप केली आणि झाकण मिटलं.

"खोडाळ्याला जायला लागेल. छापून सही करायची, मग पाठवायचं."

"चल की. माझं पत्र, मीच घालते." गोदी टुणकन उठली. घरात जाऊन तिने बरं लुगडं नेसलं आणि ग्रामपंचायतीचा गोल शिक्का शाईच्या डबीसकट पिशवीत टाकला.

जीपमध्ये बाई भलतीच खुशीत होती. शेजारणीला सांगत होती, "पोरीचं पत्र घालायला चालले, परदेशात." मग रविनाला कोपराने ढोसून, "तठं आपला शिक्का चालंल ना गं?" रविना खिडकीबाहेर बघत राहिली. माणसाच्या ताटात माती कालवून वर इतकं हसतमुख कसं राहता येतं, हे तिला कळेना. वळणावळणाने सूर्यमाळ मागे राहत होता. ट्रामचे थांबे मनात म्हणून बघावेत असं तिला वाटलं, पण पहिल्या थांब्याचं नावही आठवलं नाही.

खोडाळ्याच्या बाजारात सुरजचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. सुरजने दोन पानं छापून दिली. रविनाने ती गोदीपुढे धरली.

"वाचून दाखवू, मावशी?"

"माझंच बोलणं मना काय वाचून दाखवतेस? सही कुठं करू ते दाखव."

"एकदा ऐकून घे ना."

"आजवर कधी ऐकलंय? आण अठं."

गोदीने जीभ दाताखाली धरून मोठ्या अक्षरांत सही केली, शिक्का मारला, शाई वाळावी म्हणून त्यावर हळूच फुंकर घातली. तिच्याखाली रविनाने आपली सही केली. एक शब्द घातला नाही, एक शब्द गाळला नाही. सुरजने कागद स्कॅन केला, आणि पाठवायचं बटण रविनाने स्वतः दाबलं. पत्र मिळाल्याची हिरवी अक्षरं पडद्यावर आली. तिला काही म्हणजे काही वाटलं नाही.

बाहेर बाकावर बसून गोदीने दोन चहा सांगितले. बशीत चहा ओतून तिने एक घोट घेतला.

"मग? शेवटी काय लिहिलंस? चांगलं गोड केलंस ना?"

"तू सांगितलंस तेच."

"म्हणजे?"

"हिला घेऊ नका, माझ्याकडे दुसरी नाही."

गोदी हसली. रविनाच्या पाठीवर थाप मारायला तिने हात उचलला, आणि तिचा चेहरा बघून तो तसाच खाली घेतला.

"खरं सांग."

"खरंच सांगतेय. सही केलीय मी. एक अक्षर कमी नाही."

गोदीच्या हातातली बशी कलंडली. चहा लुगड्यावर सांडला, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"आगं बाय माझे! आगं, जिव्याला सांगितलंस का कधी जसंच्या तसं? त्याचा हात मोडायला निघाले होते मी, मोडलास का तू? मी कोंड्यासकट बोलते, पाखडायचं तू. तीन सालं हेच चाललंय ना आपलं? आजच तुला अवदसा आठवली?"

"मला वाटलं, मी जायलाच नको आहे तुला."

"नकोच हायस!" गोदी ओरडली. चहावाला वळून बघायला लागला. तशी तिने आवाज खाली आणला. "नकोच हायस जायला. मी त्याला खोटं नाय म्हणत. आठ दिवस झोप नाय मना. पण खरं हाय म्हणून काय पाठवून द्यायचं असतं का, पोरी?"

ती उठली आणि तरातरा दुकानात गेली.

"सुरज, ते पत्र माघारी आण."

"मावशी, गेलं ते. ती काय एसटी आहे का, हात केला की थांबायला?"

"मग दुसरं घाल. मी परत सही करते. शिक्का हाय माझ्याकडं."

सुरजने रविनाकडे बघितलं. रविनाने मान हलवली. "एका माणसाचं एकच घेतात, मावशी."

गोदी दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. तीन वर्षांत हिला कुणापुढे गप्प झालेलं रविनाने पाहिलं नव्हतं. आता ती गप्प होती, आणि दोन्ही हातांनी पिशवी गच्च धरून समोरच्या रस्त्याकडे बघत होती. रविनाचा राग कधीच ओसरला होता. आपण काय करून बसलो हे तिला आत्ता कुठे, हळूहळू, कळायला लागलं होतं. ती शेजारी टेकली.

"असू दे, मावशी. पुढच्या वर्षी बघू."

"लिही," गोदी म्हणाली.

"आता लिहून कुठे पाठवू?"

"मग नको लिहू. ऐक." गोदीने तिच्याकडे तोंड फिरवलं. डोळे लाल झाले होते, पण आवाज खळ्यातल्यासारखाच खणखणीत होता. "तुझ्यासारखी पोर मी बघितली नाय. जिव्यासारख्या बैलाला तू गोडीत झऱ्यावर आणून बसवलंस, ते माझ्याच्याने सात जन्मात झालं नसतं. माणसं भांडतात तठं तुला पायजे. तू जा. झऱ्यावर मी भांडेन, हरले तर हरले. तुझी आठवण आली तर रडेन, माझं मी बघेन. पण तू जा."

रविनाने तिच्या हातातली पिशवी आपल्या मांडीवर घेतली. मग तिने विचारलं,

"हे खळ्यात का नाही बोललीस, मावशी?"

"तू होतीस ना सांगायला," गोदी म्हणाली.