मुलींची नावं दुसऱ्या वहीत

एल्रॉय मान्स्केला शहाण्णवाव्या वर्षी एकच गोष्ट हवी होती आणि ती त्याला कुणाकडून मिळत नव्हती. पाच वर्षांचा असताना, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, तो एका खुर्चीवर चढून बसला म्हणून आजीने त्याच्या मुस्काटात दिली होती. ती खुर्ची कुणाची होती, एवढंच त्याला मरायच्या आत कळायला हवं होतं.

आजी म्हणजे अन्तोनिना. पोलिश आणि कॅथलिक. आजोबा फ्रीडरिश जर्मन आणि लुथरन, म्हणजे प्रॉटेस्टंट. अशा दोघांनी लग्न करणं त्या मुलखात अगदी पाप नसलं, तरी पापाच्या शेजारचंच काहीतरी होतं. १८९२ साली तीन मुलगे घेऊन ती दोघं अमेरिकेत विस्कॉन्सिनला आली, दगड वेचून वेचून शेत केलं, गायी पाळल्या. घर लुथरन झालं. पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी आजी माहेरच्या रीतीने टेबलावर एक ताट जास्तीचं मांडायची. पोलिश घरांत ते सगळीकडेच मांडतात, अवचित कुणी दार ठोठावलं तर त्याच्यासाठी. आता गंमत अशी, की त्या वर्षी दार खरंच वाजलं. बर्फात वाट चुकलेला एक फिरता विक्रेता आला. आजीने त्याला पोटभर जेवायला घातलं, पण शेगडीपाशी स्टुलावर बसवून. ताटापुढची खुर्ची रिकामीच राहिली, आणि रिकामी आहे म्हणून एल्रॉय तिच्यावर चढला.

"ती तिची आहे," एवढंच आजी म्हणाली आणि तोंडाला पदार्थ न लावता उठून गेली. एल्रॉयचा बाप मान खाली घालून मासा खात राहिला.

मान्स्के घराण्याची ही जुनी खोड. गायीच्या कासेबद्दल तासभर बोलतील, पण घरातल्या माणसाबद्दल विचारा, सगळे मूग गिळून बसतील. एल्रॉयने बापाला विचारलं, काकांना विचारलं. एकाने गवत कापायचं राहिलंय म्हणून सांगितलं, दुसऱ्याने नुसतं खाकरून दाखवलं. पुढे ते सगळे एकेक करून गेले आणि प्रश्न तेवढा याच्यापाशी राहिला.

आता तो वृद्धाश्रमात होता आणि हृदय थकलं होतं. वसंत ऋतू बघेल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी त्याच्या मुलीला, लोरीनला, बाजूला घेऊन सांगितलं. लोरीन एकाहत्तर वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं चारशे पोरांचं जेवण रांधून निवृत्त झालेली, त्यामुळे हाती घेतलेलं अर्धवट सोडणं तिला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं ती या प्रश्नाच्या खनपटीला बसली होती. खुर्ची 'तिची', म्हणजे आजीची कुणी मुलगी असणार, असं तिने धरलं होतं. एल्रॉयला आठवत होतं तेच गावाचं नाव फ्रीडरिशच्या एका जुन्या दाखल्यावरही सापडलं, ग्रुनहोफ. तेव्हाचं जर्मनीतलं, आताचं पोलंडमधलं. तिथल्या लुथरन चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांचे फोटो मिळाले. मोडी कित्त्यासारखी वळणावळणाची ती जुनी जर्मन लिपी ती भिंग घेऊन शिकली. वहीत फ्रीडरिशची तीन मुलं मिळाली. कार्ल, ऑगस्ट, विल्हेल्म. मुलगी नव्हती. मागची-पुढची वीस वर्षं पालथी घातली, तरी नव्हती. जहाजाच्या यादीत पाच नावांखाली एक ओळ खोडलेली होती, पण मुलगीच नाही म्हटल्यावर ती कारकुनाची चूक असणार, असं लोरीनने स्वतःच ठरवून टाकलं.

जानेवारीत तिने बापाला तसं सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग मी मार कुणासाठी खाल्ला?" तो म्हणाला.

त्यानंतर दोन दिवस त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि सुपाखेरीज काही घेतलं नाही. लोरीनला रडू आलं नाही, राग आला. मेलेल्या माणसांचा राग फार वाईट, तो काढायचा कुणावर? शेवटी जिथे जायचं तिने तीन वर्षं टाळलं होतं तिथे ती गेली. गावच्या वाचनालयाच्या तळघरात दर शनिवारी सकाळी पोलिश मंडळींचा पूर्वज शोधणाऱ्यांचा गट जमतो. आपण मान्स्के, म्हणजे जर्मन, आपलं तिथे काय काम, असं तिला वाटायचं. हा ताठा तिने बापाकडून घेतला होता आणि बापाने त्याच्या बापाकडून.

गटात क्लेम वोयाक नावाचा म्हातारा होता. जन्मभर टपाल वाटलं, आता लोकांचे पणजोबा वाटतो, असं तो स्वतःच सांगायचा. लोरीनने कागद त्याच्यापुढे पसरले. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"कुठल्या वहीत शोधलंस?"

"चर्चच्या. ग्रुनहोफच्या."

"म्हणजे बापाच्या." क्लेम हसायला लागला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. मग लोरीनचा चेहरा बघून तो एकदम थांबला. "अगं, आई कॅथलिक ना? मग मुलगे बापाच्या चर्चमध्ये आणि मुली आईच्या. लग्न लागायच्या आधीच दोन्ही पाद्री हे ठरवून घ्यायचे. आमच्या पोलिश घरांतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. तू तीन वर्षं मुलगी शोधतेयस, आणि तेही मुलग्यांच्या रांगेत!"

लोरीनने पसरलेले कागद एकेक करून उलटे घातले. ती जवळच्या बाकावर बसली. तीन वर्षं. आणि तीही बापाची शेवटची.

ग्रुनहोफहून दोन मैलांवर लिपिन्का नावाच्या गावात कॅथलिक चर्च होतं. क्लेमने तिथल्या पाद्रीबाबांना त्यांच्याच भाषेत पत्र लिहिलं. ते नऊ दिवस लोरीनचा जीव टांगणीला लागला होता. वृद्धाश्रमाचा फोन वाजला की ती पहिल्याच घंटेला उचलायची. दहाव्या दिवशी उत्तर आलं, वहीच्या पानाच्या फोटोसकट. क्लेमने ते फोनवर तिला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मधे दोनदा थांबून नाक शिंकरलं. लोरीनने कोट चढवला आणि गाडी काढली.

फेब्रुवारीची दुपार होती. एल्रॉय खिडकीपाशी आरामखुर्चीत होता, मांडीवर लोकरीचं पांघरूण.

"पा, मी चुकले होते," लोरीन त्याच्यासमोर पलंगाच्या कडेला बसून म्हणाली. "मुलगी होती. जुलियाना. चौघांत थोरली. तुझी आत्या."

एल्रॉयने मान वळवली. मान्स्के माणसाने एवढं करणं म्हणजे पुष्कळच.

तिने सगळं सांगितलं. लिपिन्कात जुलियानाची नात अजून राहते आणि पाद्रीबाबांनी तिच्याकडूनच ऐकून लिहिलं होतं. बंदरावर जुलियानाच्या अंगावर गोवर उठला. आठ वर्षांची होती. जहाजावर घेईनात. निरोप द्यायला आलेला मामा तिला परत घेऊन गेला, पुढच्या वसंतात पाठवतो म्हणाला. अन्तोनिनाच्या कडेवर तान्हा विल्हेल्म आणि दोन्ही बाजूंना दोन पोरं. ती जहाजावर चढली. पुढे दोनदा बोलावणं गेलं, पण एकटीने समुद्र ओलांडायला पोरीची छाती झाली नाही. मग ती मोठी झाली, तिथल्याच एका सुताराशी लग्न झालं, आणि १९६१ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तिथेच गेली. नव्या मुलखात आपल्याला मूल टाकून आलेली बाई म्हणतील, म्हणून अन्तोनिनाने नाव काढायला बंदी केली असणार, असं लोरीनला वाटत होतं. तेही तिने सांगितलं.

एल्रॉय कानाशी हात नेऊन पुढे वाकला.

"गावाचं नाव काय म्हणालीस?"

"लिपिन्का."

"लिपिन्का." त्याने मान हलवली. "तिथल्या बटाट्याच्या शेतात मी काम केलंय."

म्हाताऱ्याचं भान सुटलं, असं लोरीनला वाटलं. दुसऱ्या महायुद्धात तो पकडला गेला आणि दोन वर्षं जर्मनीत कैदी होता, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडे तो कधी बोलला नव्हता. पण आता तो बोलला, सावकाश आणि नीट. छावणीतून त्यांना शेतांवर कामाला पाठवायचे. ज्या शेतावर त्याला पाठवलं, तिथून लिपिन्काच्या चर्चचा मनोरा दिसायचा. ग्रुनहोफचं नाव त्याने आजोबांच्या तोंडून ऐकलेलं होतं, त्यामुळे ही आपलीच बाजू हे त्याला तेव्हाच कळलं होतं. बटाटे काढताना तो मनाशी म्हणायचा, हीच माती सोडून आपली माणसं गेली. त्या शेताच्या मालकिणीला या अमेरिकन पोराची जुनी गावठी जर्मन ऐकून नवल वाटलं होतं.

"चांगली बाई होती," एल्रॉय म्हणाला. "पहारेकरी नसला की ब्रेड द्यायची. आसपासच्या गावातलं घर न् घर तिला माहीत. एकदा मला म्हणाली, तुझं इथं कुणी असेल तर नाव सांग, मी निरोप पोचवते."

त्याने पांघरुणावरून हात पुढे केला. लोरीनने तो धरला.

"मी म्हटलं, कुणी नाही. तिला खरं वाटेना. परत म्हणाली, आठवून बघ, एखादी म्हातारी आत्या-मावशी तरी असेल." एल्रॉयने डोळे मिटले. "मी म्हटलं, नाही बाई. आमच्यातलं कुणीच मागे राहिलं नाही."