दोन मिनिटं बाहेर

आमच्या अख्ख्या इमारतीत बर्फावरची हॉकी बघणारं घर एकच, आणि ते आमचं. शेजारपाजारचे टीव्हीकडे बघून विचारायचे, "अहो, हे काय लावलंय? ती चकती दिसते तरी का तुम्हाला?" मी म्हणायचे, "मला मेलीला काही दिसत नाही. अण्णांना दिसते, तेवढं पुरे." समोरच्या मावशी तर अण्णांना तोंडावर बर्फवाले म्हणायच्या. अण्णा खूश व्हायचे. त्यांना ती पदवी वाटायची.

अण्णा म्हणजे माझे सासरे. उमेदीची सगळी वर्षं बर्फाच्या कारखान्यात गेली त्यांची. आकडा अडकवायचा, लादी ओढायची, गोणपाटात गुंडाळून गाडीवर चढवायची. ओल्या बर्फावरून घसरून किती वेळा पडले ते त्यांनाही माहीत नाही, पण गुडघ्यांना बरोबर माहीत होतं. घरात केबल आली तेव्हा चॅनल बदलता बदलता त्यांना हा खेळ दिसला आणि ते ओरडलेच, "अरे, इकडे या लेको! आपण ज्यावर आपटायचो, त्यावर ही माणसं नाचतायत!" तिथून जे वेड लागलं ते लागलंच. खेळणारे जगाच्या पार पलीकडच्या टोकाला, त्यामुळे तिकडची संध्याकाळची मॅच आमच्याकडे सकाळी लागायची. मी शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत बसायचे आणि अण्णा टीव्हीसमोर. शेजारी त्यांचा धाकटा, म्हणजे माझा दीर. थोरला, म्हणजे आमचे हे, बस डेपोत मेकॅनिक. त्यांना मॅचपेक्षा झोप प्यारी.

त्या खेळात एक पद्धत आहे. कोणी मुद्दाम काठी मारली, पाय अडकवला, की पंच त्याला बाहेर काढतो. काचेच्या कोठडीत दोन मिनिटं बसायचं. दोन मिनिटं झाली की दार उघडतं आणि तो परत खेळायला येतो. कोणी त्याला टोमणे मारत नाही, मागचं उकरून काढत नाही. अण्णांना हे भारी आवडलं. "कोर्टकचेरीत असा न्याय नाही," म्हणाले, आणि लगेच जिन्यात, आमच्या दाराबाहेर चपलांच्या फळीशेजारी, एक लाकडी स्टूल नेऊन ठेवलं. घरात जो आवाज चढवेल त्यानं त्यावर दोन मिनिटं बसायचं. ज्यानं बसवलं त्यानंच हाक मारून आत घ्यायचं, दुसऱ्यानं मधे पडायचं नाही. आणि आत आलं की विषय संपला.

हसू नका. चाललं ते. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी खुद्द अण्णांनाच कितीदा बाहेर बसवलं, आणि ते गुमान बसायचे. सगळ्यात जास्त बसले मी. माझी जीभ म्हणजे कात्री, हे मीच सांगते. पण त्या स्टुलामुळे आमच्या घरात अबोला म्हणून कधी टिकला नाही. मावशी म्हणायच्या, "तुमच्याकडे भांडण ऐकू येतं आणि लगेच हसणंही ऐकू येतं, काय भानगड आहे?"

त्या दिवशी भांडण झालं ते नोकरीवरून. अण्णांनी शब्द टाकून भाऊजींना त्याच बर्फाच्या कारखान्यात चिकटवलं होतं. भाऊजींना सोडायचं होतं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. मॅच चालू असतानाच विषय निघाला. अण्णा म्हणाले, "लागलेली नोकरी लाथाडणारा तू एकटाच शहाणा." भाऊजी उसळले, "तुम्ही गुडघे दिलेत कारखान्याला. मी नाही देणार!" अण्णांनी टीव्हीवरची नजर न काढता दाराकडे बोट केलं. "बाहेर. दोन मिनिटं."

भाऊजी गेले, बसले. स्टूल करकरलं ते मी मशीनवर बसल्या बसल्या ऐकलं. इकडे मॅच बरोबरीत अडकलेली, जादा वेळ सुरू झालेला, अण्णा खुर्चीच्या काठावर. दोन मिनिटं कधीच होऊन गेली. मला वाटलं आता मारतील हाक, आता मारतील. मी मधे पडायचं नाही, असा नियम. मग खालून मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. तरी अण्णांचं लक्ष पडद्यावरच. मॅच संपली तेव्हा ते हसत हसत ओरडले, "ये रे आत! जिंकलो आपण!"

स्टूल रिकामं होतं. पुढच्या चौकात एका ट्रकनं भाऊजींना उडवलं. जागच्या जागी गेले.

त्यानंतर अण्णांचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. आधी चष्मा कुठे ते आठवेना, मग वार आठवेना, मग आमच्या ह्यांनाच "तुम्ही कोण?" म्हणायला लागले. पण एक प्रश्न काही सुटेना. "धाकटा कुठाय?" सुरुवातीला आम्ही खरं सांगायचो. डॉक्टर म्हणाले होते, खरं बोला. डॉक्टरांचं काय जातंय! अण्णा दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकायचे. दर वेळी तसाच टाहो, तसंच भिंतीवर डोकं आपटणं. आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. परत तोच प्रश्न, परत तेच मरण. एका माणसाला त्याचा मुलगा किती वेळा मारून दाखवायचा? आमचे हे तर मोरीत नळ सोडून रडायचे, म्हणजे मला ऐकू जाऊ नये.

एकदा मशीनचा दोरा सारखा तुटत होता, माझं डोकं फिरलेलं, आणि अण्णांचं सुरू झालं, "धाकटा कुठाय? धाकटा कुठाय?" मी फाडकन म्हणाले, "तुम्हीच नाही का बसवलंत बाहेर!"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मी बसवलंय होय? मग बसू दे. मारतो हाक दोन मिनिटांनी." आणि वळले टीव्हीकडे. पडद्यावर एकजण काचेच्या कोठडीत बसून घाम पुसत होता. त्याच्याकडे बघून अण्णांनी मान डोलावली. दोन मिनिटं व्हायच्या आत चकती इकडची तिकडे झाली आणि अण्णा सगळं विसरून टाळ्या पिटायला लागले.

माझा तर जीव भांड्यात पडला. तेव्हापासून तेच उत्तर. मॅच चालू असली की प्रश्न आला तरी खुर्ची सुटायची नाही. जुन्या मॅच परत दाखवायचे, त्याही त्यांना नव्याच. त्या चॅनलवर अण्णांचा धाकटा जिवंत होता, एवढंच मला कळत होतं. खेळ मला शेवटपर्यंत कळला नाही.

आणि एका सकाळी चॅनल लागेना. निळा पडदा, त्यावर 'उपलब्ध नाही'. मी चप्पल सरकवली आणि तडक केबलवाल्याच्या दुकानात.

"ताई, तो चॅनल बंद केला वरून," तो म्हणाला. "बघतं कोण? या भागात तुमचं एक घर."

"एक घर म्हणजे माणसं नाहीत का?"

"तसं नाही हो. पण एका घरासाठी कंपनी कशाला ठेवेल? मोबाइलवर बघा की."

"मोबाइल दाखवला त्यांना. म्हणतात, एवढ्याशा खिडकीत बर्फ कुठे मावतो."

त्याला हसू आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानातली माणसं बघत होती, पण मी त्याला नाही नाही ते बोलले. बोलता बोलता रडायलाच लागले, तेव्हा बिचारा घाबरला. "ताई, मी वर बोलून बघतो. पण शब्द देत नाही," म्हणाला. त्याचा तरी काय दोष! आपल्या घरातलं दुखणं दुसऱ्याच्या गल्ल्यावर नेऊन आपटलं, दुसरं काय.

घरी नाकी नऊ आले. समोर मॅच नाही म्हटल्यावर "बाहेर बसवलंय" हे उत्तर चालेना. अण्णा उठायचे, भिंत धरत धरत दारापर्यंत जायचे, रिकामं स्टूल बघायचे. "कुठाय? इथे तर नाही." मग मी सांगायचे, पाणी प्यायला गेलेत. खाली गेलेत. आत्ता होते. एक थाप लपवायला दुसरी. मला रात्रंदिवस एकच भीती, की कोणत्या तरी थापेशी मी अडखळणार आणि अण्णांना परत ते मरण ऐकावं लागणार.

रविवारी ह्यांना सुट्टी होती. माझी दशा बघून म्हणाले, "फुटबॉल लावून देतो. धावपळ तर तीच आहे." बरं वाटलं मला. अण्णा खुर्चीत बसले, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "हे गवतावर का खेळतायत? बर्फ संपला वाटतं कारखान्यातला." आम्ही दोघं खदखदून हसलो. किती दिवसांनी हसलो असू! मी आत जाऊन भाजी चिरायला घेतली. मनात म्हटलं, चला, सुटलो.

आतूनच शिट्टी ऐकली. मग मैदानातला गलका.

"बसवला त्याला बाहेर," अण्णांचा आवाज. खुशीत होते. "पाय घातला लेकानं मधे. किती मिनिटं?"

आमचे हे म्हणजे सरळ माणूस. डेपोत ब्रेक खराब असेल तर साहेबासमोर खराबच म्हणणार. विचारलं त्याचं उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना येतं.

"मिनिटं नाही हो अण्णा. लाल कार्ड दाखवलं त्याला. यात एकदा बाहेर काढला की गेला. परत येत नाही."

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मी दारात आले तोवर ह्यांच्या लक्षात आलं होतं. तोंड पांढरंफटक. रिमोट शोधत होते, तो मांडीखालीच होता.

अण्णा पडद्याकडे बघत होते. तो खेळाडू मान खाली घालून मैदानाबाहेर चालला होता, भिंतीतल्या एका अंधाऱ्या बोगद्यात शिरला, आणि कॅमेऱ्यानं त्याला सोडून दिलं.

"परत येत नाही," अण्णा म्हणाले. मग दाराकडे वळले. "धाकटा पण?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण अण्णांचे डोळे इतके स्वच्छ कित्येक महिन्यांत बघितले नव्हते, आणि माझ्यासारख्या बडबडीची वाचा बसली. आमच्या ह्यांनी तोंडावर हात धरला होता. उत्तर तिथेच मिळालं अण्णांना.

मी भिंतीजवळ जाऊन उभी राहिले, आपटलंच डोकं तर माझ्या हातावर आपटेल म्हणून. पण अण्णा ओरडले नाहीत. खुर्चीचे हात धरून उठले. गुडघे कडकड वाजले. आमचा आधार झिडकारून दारापर्यंत गेले, बाहेर पडले आणि स्टुलावर बसले. पाठ ताठ, हात मांडीवर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"अण्णा, आत या," मी म्हणाले. "गार आहे इथे."

"मी हाक मारली नाही," ते म्हणाले. "त्याची वेळ झाली होती. मी मॅच बघत बसलो."

"अहो अण्णा, दोन मिनिटं झाली आता. चला आत."

"तू कोण सांगणार?" चिडून नाही म्हणाले, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. "बसवलं ज्यानं, त्यानंच हाक मारायची. मला धाकट्यानं बसवलंय."

मी आत जाऊन शाल आणली आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. आमचे हे बाजूला पायरीवर बसले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले. समोरच्या मावशींनी दार उघडलं, बघितलं आणि काही न विचारता लावून घेतलं.

संध्याकाळी आम्ही दोघांनी उचलून त्यांना आत आणलं. मला वाटलं, झोपेत डोक्यातून जाईल निघून, सकाळी पाटी कोरी. नाही गेलं. माझं नाव गेलं, जेवलो की नाही ते गेलं, सासूबाईंची आठवण गेली. हे एक राहिलं. धाकटा कुठाय, असं त्यांनी परत कधी विचारलं नाही. सकाळी तोंड धुतलं की आपले आपण बाहेर जाऊन बसतात. मी तिथेच चहा नेऊन देते.

परवा केबलवाला आला. जिन्यात अण्णांना बघून चपापला, वळसा घालून आत आला. म्हणाला, "ताई, खटपट केली. झाला सुरू. पण फक्त तुमच्या घरी हं, कोणाला सांगू नका." त्यानं टीव्ही लावून दिला. पांढरा बर्फ, त्यावर ती धावपळ, आणि एकजण काचेच्या कोठडीत बसलेला. मी आवाज मोठा केला, जिन्यात ऐकू जाईल असा.

"अण्णा, बर्फ लागलाय बघा! येताय ना?"

अण्णांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "हळू बोल," म्हणाले. "हाक ऐकू यायची नाही मला."

मी टीव्ही बंद केला.