दुसऱ्यांची गाऱ्हाणी

आईचा आवाज तिच्या कानात अजून ताजा होता. भांडी घासता घासता आई म्हणायची:

दुःख झाकावं गं लेकी, धरू नये ओठी,
उघड्यावर पडलं की कुत्री लागती पाठी.

आई जाऊन युग लोटलं, पण लेकीने हे वचन असं पाळलं की गल्लीभराची दुःखं ओठावर आणि स्वतःचं पोटात. बाटल्यांचा कारखाना बंद पडून तिच्या मुलासकट गल्लीतले सगळे बेकार झाले, तसं सरकारी कचेरीत दर सोमवारी लोकांची गाऱ्हाणी ऐकायला सुरुवात झाली. साहेबापुढे उभं राहिलं की भल्याभल्यांची जीभ टाळूला चिकटायची. हिची मात्र कात्रीसारखी चालायची. कुणाचं तुंबलेलं गटार, कुणाची अडलेली पेन्शन, सगळं हीच मांडायची. म्हणून ती झाली वकिलीणबाई.

पहिल्याच दिवशी साहेबाने विचारलं होतं, "बाई, यात तुमचा काय फायदा?"

"काही नाही. माझं घर भरलेलं आहे, मुलाला दुसरीकडे काम लागलंय. मला काही नको, म्हणून तर माझं ऐका."

आणि साहेब ऐकत गेला. गटार वाहतं झालं, पेन्शन सुटली.

मुलाला काम कुठलं लागायला? शेजाऱ्यांनी बघावं म्हणून तो रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा. रिकामा डबा वाजू नये म्हणून आत फडकं कोंबलेलं असायचं. दिवसभर फिरून तो संध्याकाळी तसाच परत यायचा, बूट झिजवून.

त्यातच सून बाळंत झाली. पोटात अन्न नाही, तर अंगावर दूध कुठून येणार? अशा बाळांसाठी कचेरीत दुधाची भुकटी मिळायची, पण घरच्या माणसाने स्वतः, सगळ्यांसमोर मागायची. वकिलीणबाईने धीर देऊन तिघी-चौघींना ती मागायला लावली होती.

त्या सोमवारी ती निघताना सुनेने बाळ तिच्या हातात दिलं. "आई, उचलून बघा. धुतलेल्या कपड्याएवढंसुद्धा वजन राहिलं नाही. काल रात्रीपासून रडलाही नाही हो."

"अगं, आज शिंप्याचं घर आहे पणाला. दूध मागून मी खोटारडी ठरले तर त्याचं कोण ऐकेल?"

सुनेने बाळ परत घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

कचेरीच्या बाकावर मागून कुणीतरी म्हणालं, "वकिलीणबाई, फी किती घेता?"

"तुझं तोंड बंद राहिलं, की पोचली फी!"

सगळे हसले. शिंपी तेवढा हसला नाही. "वहिनी, घरमालकाने उद्या कुलूप घालतो म्हणून सांगितलंय. बायको, पोरं, मशीन, सगळं तुमच्या जिभेवर आहे."

ती उभी राहिली आणि शिंप्याचं असं मांडलं की हॉलमधली कुजबुज थांबली. साहेबाने चष्मा काढून पुसला.

"दुसरं कुणी असतं तर चौकशीला पाठवलं असतं. तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असणार. जेवणानंतर हुकमावर सही करतो. पुढचे कोण?"

शिंप्याने हात जोडले. तिने आता खाली बसायचं होतं. पुढचा म्हातारा काठी टेकत तिच्या मागे येऊन उभा राहिला. ती जागची हलेना.

"अजून काही, बाई?"

तिने शिंप्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नुकतं कुठे रक्त परतलं होतं. तिच्या हातांना मात्र सकाळचा तो हलकेपणा अजून चिकटून होता.

"साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी तुमच्याशी खोटं बोलले. माझं घर भरलेलं नाही. मुलाला काम नाही, चूल पेटत नाही. माझ्या नातवाला रडायलाही जोर उरला नाही. शिंप्याचं सगळं खरं आहे हो, शपथेवर सांगते. पण दूध मला आत्ता द्या."