पाण्याची पाळी

आमची ख्रिस्ती मंडळी आज्ञाधारक म्हणून सगळ्या लोहारा भागात नावाजलेली होती. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती, मिशनचा गोरा साहेब बंगला सोडून मायदेशी गेला होता, पण त्यानं शिकवलेल्या प्रभूच्या आज्ञा आम्हाला घडाघडा येत होत्या. त्या पाळायच्या असतात, एवढंच कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

साहेबानं जाताना चर्चच्या आवारातली विहीर मंडळीला दिली होती. त्या उन्हाळ्यात मांगवाड्यातलं पाणी आटलं आणि तिथली धुरपताबाई घागर घेऊन आली. तिनं नुकताच बाप्तिस्मा घेतला होता. आम्ही बाकीचे सगळे मूळचे महारवाड्यातले. लगेच पंच बसले, लांबलचक प्रार्थना झाली आणि ठरलं की या बहिणीनं दोराला हात लावू नये. आपल्यापैकी कुणीतरी तिच्या घागरीत वरून पाणी ओतावं. दर आठवड्याला एका घराची पाळी. 'बाटणं' हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. आमच्यात याला 'सोय' म्हणत.

अशात एका रविवारी चर्चचे पाळक मार्तंडराव यांनी फर्मान काढलं की आठवडाभर एकेक आज्ञा पाळा आणि पुढच्या उपासनेत उभं राहून ती कशी पाळली याची साक्ष द्या.

पुढच्या रविवारी साक्षींना नुसता ऊत आला. गोरोबा पंचांनी बिडी सोडली होती. शिवकांतानं नणंदेला शिवी देता देता जीभ चावली होती, आणि नणंद शेजारीच बसून मान डोलवत होती. मी शाळामास्तर. मी चहा सोडला होता, दोन दिवस. तेवढ्या भांडवलावर मी दहा मिनिटं बोललो, आणि झकास बोललो.

खिडकीतून विहीर दिसत होती. धुरपताबाई सकाळपासून रिकामी घागर घेऊन उन्हात बसली होती. घरी तिची लेक तापानं फणफणली होती आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. दोनदा दाराशी येऊन ती सांगून गेली होती. गोरोबा पंचांनी हातानंच तिला थांब म्हटलं, कारण साक्ष चालू होती.

ती तिसऱ्यांदा आली तेव्हा पंचांची आई बानूबाई उठली. म्हातारीला अक्षर ओळखू येत नव्हतं की एक वचन धड म्हणता येत नव्हतं.

"आई, खाली बस," पंच म्हणाले. "संपतच आलंय."

"तुझं संपंल. तंवर तिची लेक बी संपंल."

ती बाहेर पडली आणि तिच्यामागून आम्ही सगळे. विहिरीपाशी तिनं दोर उचलून धुरपताबाईच्या हातात दिला.

"आई, पंचात सोय ठरलीया," पंच हळूच म्हणाले.

"पाटलाच्या हिरीवर म्या अशीच घागर घिऊन बसत व्हते, गोरबा. कुणी वतंल तवा पाणी. तू पोटात व्हतास. म्हून ठाव न्हाय व्हय तुला?"

पहिला पोहरा वर आला तशी म्हातारी धुरपताबाईपुढं उकिडवी बसली आणि तिनं ओंजळ पुढं केली.

"आता तू मला वत."

धुरपताबाईनं ओतलं. म्हातारी दोन घोट प्याली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "भर आता घागर. पोरगी वाट बघतीया."

धुरपताबाई घागर डोक्यावर घेऊन जवळजवळ पळतच गेली. आम्ही आत येऊन आपापल्या जागी बसलो. मार्तंडरावांनी घसा साफ केला आणि विचारलं, "आणखी कुणाची साक्ष राहिली आहे का?"

कुणी उठलं नाही. मी तर मानही वर केली नाही. त्या आठवड्याची पाळी माझ्या घराची होती.