यंत्राच्या जागी सोरा

कोरियातल्या देजॉन शहरात, बाजारामागे एका खोलीत आम्ही तिघांनी कंपनी थाटली होती. मी, प्रोग्राम लिहिणारा गिहान आणि सोरा. किमची आणि तयार भाज्या विकणाऱ्यांना आज कुठला पदार्थ किती करावा, हे ॲपनं सांगायचं, अशी कल्पना होती. अंदाज बांधणारं यंत्र करायला गिहानला सहा महिने हवे होते.

सोरा म्हणाली, "आणि ते कुणाला नकोच असलं तर? आधी नमुना करू. यंत्राच्या जागी मी बसते."

रोज सकाळी सहाला ती हवामान बघून अंदाज बांधायची आणि पाच दुकानांना मेसेज पाठवायची. पालक चार किलो, मुळ्याची किमची दोन डबे. आकडे माणूस काढतोय हे आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तिनं पालक दुप्पट करायला सांगितला आणि नेमकी त्या दिवशी शेजारच्या कचेऱ्यांना सुट्टी निघाली. सोराला राहवेना. दुपारी मला घेऊन ती त्या पाचांपैकी ओकबुनमावशींच्या दुकानात गेली.

"मावशी, यंत्र-बिंत्र काही नाही. आकडे मीच ठोकून देत होते. तुमचा पालक माझ्यामुळे वाया गेला."

मावशींचा काकडी चिरणारा हात थांबला नाही. "तरीच! म्हटलं, यंत्र शुद्धलेखनाच्या एवढ्या चुका कसं करतं? आणि पालक कुठला वाया जातोय? एकतीस वर्षं दुकान चालवतेय. तुझं ऐकून भाजी करणार होय मी?"

सोराचा चेहरा उतरला. "मग मेसेज सगळ्यात आधी तुम्हीच कशाला उघडायचात?"

"शेवटच्या ओळीसाठी. घाऊक बाजारात आज काय ताजं आलंय, ते लिहायचीस ना? गुडघे गेलेत माझे, मला तिकडे जाववत नाही."

ती ओळ आमच्या योजनेत नव्हतीच. सोराचं घर घाऊक बाजाराजवळ. येता येता दिसेल ते ती आपलं लिहून टाकायची.

उरलेल्या चौघांना विचारलं. तिघांनी तेच सांगितलं.

आम्हाला न सांगता गिहाननं निम्मं यंत्र लिहून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं ते पुसलं आणि पहाटे सोराबरोबर घाऊक बाजारात गेला. तिथं मध्येच उभा राहिला म्हणून कोबीवाल्या बाईच्या शिव्या खाल्ल्या, पण मालाची यादी घेऊन आला.

वसंतात ॲप निघालं. त्यात अंदाजाचा एकही आकडा नव्हता.