दुसरी आवळणी

नवरा गेल्यावर वहिनी गॅरेज विकणार असं सगळे धरूनच चालले होते. तिने शटर उघडं ठेवलं. गल्लीत लहानथोर सगळेच तिला वहिनी म्हणत. नवऱ्याच्या जोडीने ती वर्षानुवर्षं गाड्यांखाली शिरली होती, तेव्हा काम तिला नवं नव्हतं. नवं होतं ते गिऱ्हाइकाचं बावचळणं. माणसं दारात यायची, आत डोकावायची आणि तिलाच विचारायची, कोणी आहे का?

परक्यांचं तिने मनावर घेतलं नाही. लागलं ते घरच्या माणसाचं. नवऱ्याची थोरली बहीण, तिच्या वन्सं, भरल्या घरात सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "ज्याला काम कळत होतं तो गेला. आता नुसती पत्र्याची शेड राहिली." वहिनीने तेव्हा रिकामे कप गोळा केले आणि आत निघून गेली. भांडण असं झालंच नाही, पण त्या दिवसापासून येणंजाणं तुटलं. वन्संची पिकअप आजवर भावाशिवाय कोणी उघडली नव्हती. तीही दुसऱ्या गॅरेजात जाऊ लागली.

म्हणूनच एका दुपारी ती पिकअप शेडसमोर येऊन थांबली तेव्हा वहिनी जागची हलली नाही. हातातला कार्ब्युरेटर तिने फडक्यात गुंडाळून ठेवला, हात पुसले आणि मगच बाहेर आली.

वन्सं रोपवाटिका चालवत. कुंड्या आणि झाडं बंगल्यांत, ऑफिसांत स्वतः पोचवत. साठीला टेकल्या होत्या, तरी गाडी दुसऱ्याच्या हाती देत नसत. त्या खाली उतरल्या आणि भिंतीवर टांगलेल्या इंजिनाच्या पट्ट्यांकडे बघत बोलू लागल्या. चाकं थोडी बाहेर यावीत म्हणून त्यांनी चारही चाकांना स्पेसर लावून घेतले होते. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसवायची जाड धातूची चकती; चाक मग तिच्याच बोल्टांवर चढतं. तेव्हापासून स्टिअरिंग थरथरत होतं. ज्याने ते लावले त्या गॅरेजवाल्याकडे वन्सं परत गेल्या तर तो म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, वयामुळे तुमचेच हात थरथरत असतील.

वहिनीला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कोणाचा ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिने फक्त किल्ली मागितली.

एक चक्कर मारून आल्यावर तिने गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले आणि पुढचं चाक उतरवलं. स्पेसर चांगला होता, हबवर नीट बसलाही होता. पण हबचे मूळ बोल्ट त्याच्यापेक्षा लांब. त्यांची टोकं बाहेर डोकावत होती. असं झालं की मेकॅनिक चाक बदलायला सांगतात नाहीतर बोल्ट कापायला, असं वन्संनी आधीच ऐकून ठेवलं होतं. चाकं कंपनीची होती आणि ती बदलायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

वहिनीने चाक उलटं करून जमिनीवर ठेवलं. कंपनीच्या चाकाला मागच्या बाजूने, नटांच्या भोकांच्या अधेमधे, खोलगट खळगे असतात. बोल्टांची टोकं त्यातच मावायची. पण हे खळगे कुठे दिसतच नव्हते. वर्षानुवर्षांचा चिखल त्यात दगडासारखा वाळला होता. त्या पठ्ठ्याने चाक तसंच चिखलावर टेकवून नट आवळले होते. गाडी धावली, चिखल चुरत गेला, तसतसे नट ढिले पडत गेले.

"हात ठीक आहेत तुमचे," वहिनी म्हणाली.

वन्संनी पिशवी खाली ठेवली आणि त्या बाकावर बसल्या.

वहिनीने जुन्या स्क्रूड्रायव्हरने खळगे उकरले, स्पेसर सोडवून तारेच्या ब्रशने हबचा गंज काढला आणि तो पुन्हा आवळून बसवला. बोल्टांच्या टोकांना थोडं ग्रीस लावून चाक चढवलं, पुन्हा उतरवलं आणि खळग्यांत कुठे ग्रीसचा डाग उमटलाय का ते बॅटरी धरून पाहिलं. डाग नव्हता. म्हणजे टोकं कुठे टेकत नव्हती. चारही चाकांना तिने तेच केलं. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं वळवून टायर मडगार्डला घासत नाही याची खात्री केली. शेवटी टॉर्कचा पाना घेतला, जो ठरलेला ताण आला की टक् वाजतो, आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले.

हात चालू असताना तिने विचारलं, हे कशासाठी करून घेतलं? झाडं घेऊन वळताना गाडी झुलते म्हणून असेल, तर जड कुंड्या मधोमध ठेवल्या तरी भागेल. शिवाय स्पेसरमुळे बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच.

वन्सं म्हणाल्या, बाजारातली ड्रायव्हर पोरं त्यांच्या गाडीला चिमणी म्हणतात. एवढं मोठं धूड आणि खाली काडीसारखे पाय. आयुष्यभर जे घेतलं ते कामापुरतं घेतलं, साडी असो की गाडी. एकदा वाटलं, आपली गाडीही जरा छाती काढून उभी राहावी.

वहिनी मागे सरकली आणि तिने गाडीकडे लांबून पाहिलं. चाकं मडगार्डच्या कडेपर्यंत आली होती. खरंच, रुबाब आला होता. तसं तिने सांगितलंही. वन्सं लाजल्या.

निघताना वहिनीने बजावलं की दोनेक दिवस गाडी चालली की नट पुन्हा तपासायलाच हवेत, नवीन बसवलेलं जरा बसतं, तेव्हा नक्की या. वन्सं हो म्हणाल्या. आल्या मात्र नाहीत.

वहिनीने आणखी थोडी वाट पाहिली. फोन करावा असं तिच्या मनात आलं, मग वाटलं, तो आपण का करायचा? पण दुसऱ्या कुठल्या चाकावर काम करताना तिला सारखी ती पिकअप दिसू लागली, मागे झाडं, समोर उतार. मानापमान नटांना कळत नाही. तिने टॉर्कचा पाना पिशवीत टाकला, शेड बंद केली आणि रोपवाटिकेची वाट धरली.

वन्सं नळीने पाणी घालत होत्या. तिला पाहून त्यांनी नळ बंद केला. वहिनी थेट पिकअपपाशी गेली आणि पाना लावला. तीन चाकं ठीक होती. मागच्या डाव्या चाकाचे नट चांगलेच फिरले, मग कुठे टक् वाजलं.

"आला का नाहीत?" तिने मान वर न करता विचारलं.

"एकदा अडल्यावर येणं सोपं असतं गं. दुसऱ्यांदा काय तोंड घेऊन येणार होते? त्या दिवशी मी सगळ्यांदेखत जे बोलले..."

"बोललात. मी ऐकलं."

"चुकलंच माझं."

वहिनीला वाटलं होतं की हे शब्द कधी कानावर पडले तर छातीवरचं ओझं एकदम उतरेल. तसं काही झालं नाही. फक्त इतके दिवस ज्या वाक्याला ती मनातल्या मनात उत्तरं देत आली होती, त्याला आता उत्तर द्यायची गरज उरली नाही. तिला थकवा आला, आणि तो बरा वाटला. तिने पाना वन्संच्या हातात दिला आणि शेवटचा नट त्यांनाच आवळायला लावला. जोर किती द्यायचा असं त्यांनी विचारलं. वाजलं की थांबायचं, ती म्हणाली.

वन्संनी चहा ठेवला. दोघी कुंड्यांच्या कट्ट्यावर बसल्या आणि भावाबद्दल बोलल्या. पाने हरवायची त्याची सवय, झोपेत घोरणं. जायच्या आधी वन्संनी विचारलं की पुन्हा कधी बघावे लागतील हे नट.

"महिन्याभराने. पण त्या वेळी मी येणार नाही, तुम्ही यायचं."

महिना भरायच्या आतच त्या आल्या, आणि बाजारातल्या एका ड्रायव्हरला त्याच्या गाडीसकट घेऊन आल्या. त्याने आत डोकावून विचारलं, कोणी आहे का? वन्सं त्याच्यावर खेकसल्या, "डोळे आहेत ना? ती समोर उभी आहे ती कोण आहे मग?"